संलग्न मोटार उद्योगातील माहितीची देवाणघेवाण आणि ब्लॉकचेन तंत्रज्ञान : उपयुक्तता व मर्यादा

सारांश :
आंतरजालाशी जोडलेली मोटार आज केवळ प्रवासाचे साधन राहिलेली नाही. ती सतत माहिती निर्माण करणारे यंत्र बनली आहे. ही माहिती मोटार-उत्पादक, सुट्या भागांचे पुरवठादार, विमा कंपन्या, दुरुस्ती केंद्रे आणि रस्ते प्रशासन या सर्वांना हवी असते. परंतु या घटकांचे हितसंबंध भिन्न असल्याने ते एकमेकांच्या नोंदींवर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. या अविश्वासावर उपाय म्हणून ब्लॉकचेन तंत्रज्ञानाचा पुरस्कार २०१७ पासून मोटार उद्योगात होऊ लागला. प्रस्तुत लेखात या तंत्रज्ञानाची कार्यपद्धती, उद्योगात झालेले प्रमुख प्रयोग आणि त्यांतून दिसून आलेल्या मर्यादा यांचा आढावा घेतला आहे. नोंदीत मागाहून केलेला फेरबदल ब्लॉकचेनमुळे उघडकीस येतो. मात्र ती नोंद मुळात खरी होती काय आणि ती दुसऱ्यास देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे कायद्यात आणि संस्थात्मक कारभारात शोधावी लागतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संलग्न मोटार, ब्लॉकचेन, सामायिक नोंदवही, माहितीची देवाणघेवाण, वाहनधारकाचा हक्क.

१. प्रस्तावना :

जुनी मोटार विकत घेणारा ग्राहक प्रथम किलोमीटरचा काटा पाहतो. काटा कमी दिसला की गाडीची किंमत वाढते, आणि म्हणूनच काटा मागे फिरवण्याचा गैरप्रकार जगभर आढळतो. युरोपीय संसदेने ३१ मे २०१८ रोजी या विषयावर ठराव केला. त्यात नमूद केलेल्या अंदाजानुसार देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींपैकी ५ ते १२ टक्के आणि एका देशातून दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी ३० ते ५० टक्के गाड्यांच्या काट्यात फेरफार झालेला असतो. त्यामुळे होणारे नुकसान वर्षाला ५६० कोटी ते ९६० कोटी युरो इतके असल्याचे त्या ठरावात म्हटले आहे.

वस्तुतः अशा मोटारीने प्रत्यक्ष किती अंतर कापले याची माहिती अनेक ठिकाणी विखुरलेली असते. उत्पादकाच्या संगणकात ती असते, दुरुस्ती केंद्राच्या बिलावर असते, विमा कंपनीच्या कागदपत्रांत असते. ती एकत्र आली तर फसवणूक तत्काळ लक्षात येईल. परंतु ती एकत्र येत नाही. हे उदाहरण छोटे असले तरी संलग्न मोटार उद्योगातील मूळ प्रश्न त्यात सामावलेला आहे. माहितीची उणीव येथे नाही. परस्परांना मान्य होईल अशा नोंदीची उणीव आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) संलग्न मोटारीतून निर्माण होणाऱ्या माहितीचे स्वरूप व तिच्या देवाणघेवाणीतील अडचणी स्पष्ट करणे.
(२) ब्लॉकचेन तंत्रज्ञानाची कार्यपद्धती सामान्य वाचकास समजेल अशा रीतीने मांडणे.
(३) उद्योगातील प्रत्यक्ष प्रयोगांच्या आधारे या तंत्रज्ञानाची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.
(४) या व्यवहारातील वाहनधारकाचे स्थान निश्चित करणे.
लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेल्या दुय्यम माहितीचा उपयोग केला आहे.

३. संलग्न मोटार आणि तिची माहिती :

ज्या मोटारीत सिमकार्ड किंवा तत्सम दळणवळण यंत्रणा बसवलेली असते आणि जी उत्पादकाच्या किंवा अन्य सेवादात्याच्या संगणकाशी संपर्क ठेवते, तिला संलग्न मोटार असे म्हणता येईल. अशा मोटारीतून मिळणाऱ्या माहितीचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार वाहनाविषयीच्या माहितीचा होय. इंजिन, ब्रेक, बॅटरी यांची स्थिती, कापलेले अंतर व बिघाडाचे संकेत यांचा त्यात समावेश होतो. दुसरा प्रकार चालकाविषयीच्या माहितीचा आहे. गाडी कोठे गेली, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोरात दाबला, सीटबेल्ट लावला होता की नाही, या गोष्टी त्यात येतात. तिसरा प्रकार परिसराविषयीच्या माहितीचा आहे. रस्ता निसरडा आहे, पुढे अपघात झाला आहे, खड्डा आहे, अशा सूचना मोटारीतील संवेदकांमुळे मिळू शकतात.

यांपैकी तिसऱ्या प्रकारच्या माहितीचे सामाजिक मूल्य विशेष मोठे आहे. व्होल्व्हो कंपनीने निसरड्या रस्त्याचा इशारा एका मोटारीकडून दुसऱ्या मोटारीस देणारी सेवा प्रथम स्वीडन व नॉर्वे येथे आणि २०१९ मध्ये युरोपात अन्यत्र उपलब्ध करून दिली. परंतु बर्फावरून घसरणारी प्रत्येक मोटार एकाच कंपनीची नसते. इशारा एकाच कंपनीच्या ग्राहकांपुरता राहिला तर त्याचा लाभही तेवढ्यापुरताच राहतो. म्हणूनच २०१९ मध्ये युरोपातील काही मोटार-उत्पादक, नकाशे पुरवणाऱ्या कंपन्या आणि काही देशांची सरकारे यांनी एकत्र येऊन रस्ते-सुरक्षेची माहिती परस्परांना देण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. कंपन्यांमधील माहितीची देवाणघेवाण हा केवळ व्यापाराचा विषय नाही, हे यावरून लक्षात येते.

४. देवाणघेवाणीतील अडचणी :

कंपन्या आपल्याजवळील माहिती इतरांस देण्यास नाखूश असतात, याची प्रमुख कारणे तीन आहेत. पहिले कारण स्पर्धेचे आहे. कोणता भाग किती दिवसांत बिघडतो हे कळले तर प्रतिस्पर्ध्यास आयते ज्ञान मिळते. दुसरे कारण उत्तरदायित्वाचे आहे. सदोष भागामुळे अपघात झाल्यास दोष उत्पादकाचा की पुरवठादाराचा, या वादात प्रत्येकाची नोंद त्याच्याच बाजूने बोलते. तिसरे कारण आर्थिक आहे. माहितीला किंमत आहे हे सर्वांना ठाऊक आहे, पण ती किंमत किती आणि ती कोणाला मिळावी याविषयी एकमत नाही.

सुट्या भागांच्या नोंदींचे महत्त्व ताकाता एअरबॅगच्या प्रकरणात ठळकपणे पुढे आले. या जपानी कंपनीने अनेक उत्पादकांना पुरवलेल्या एअरबॅगमधील वायुनिर्मितीचे उपकरण फुटून त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसत असत. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत मागवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कोणत्या कारखान्यातील कोणत्या काळातील भाग कोणत्या मोटारीत बसवला गेला आणि ती मोटार आज कोणाकडे आहे, या साखळीतील एक दुवा जरी निखळला तरी माणसाच्या जिवावर बेतते.

अशा परिस्थितीत पारंपरिक उपाय म्हणजे सर्वांनी आपली माहिती एका मध्यवर्ती संस्थेकडे देणे. परंतु ती संस्था कोणाची, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो. ती एखाद्या स्पर्धकाची असेल तर इतर तिच्यात सामील होणार नाहीत, आणि त्रयस्थ कंपनीची असेल तर पुढे तीच सर्वांवर वर्चस्व गाजवेल अशी भीती असते. या पेचातून ब्लॉकचेनचा विचार पुढे आला.

५. ब्लॉकचेनची कार्यपद्धती :

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात बिटकॉइनची कल्पना मांडली गेली आणि जानेवारी २००९ पासून ते चलन व्यवहारात आले. त्यामागील नोंदवहीच्या तंत्रास पुढे ब्लॉकचेन हे नाव रूढ झाले. ही नोंदवही समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील वाचकास जमिनीच्या दप्तराचे उदाहरण उपयोगी पडेल. जमिनीचा हक्क बदलला की गाव नमुना सहामध्ये अनुक्रमाने नवी फेरफार नोंद होते आणि सात-बारा उताऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक येतो. फेरफार उलट क्रमाने वाचत गेले की हक्काचा संपूर्ण इतिहास कळतो. ब्लॉकचेनमध्येही जुनी नोंद खोडली जात नाही, नवी नोंद पुढे जोडली जाते.

मात्र दोन महत्त्वाचे फरक आहेत. पहिला असा की, जमिनीचे दप्तर शासनाच्या ताब्यात असते, तर ब्लॉकचेनची प्रत सहभागी असलेल्या अनेक घटकांकडे एकाच वेळी असते. दुसरा फरक गणिती आहे. नोंदींच्या प्रत्येक गटावरून संगणक एक ठरावीक लांबीची संख्या काढतो. तिला हॅश असे म्हणतात. माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे ही संख्या त्या नोंदींची ओळख ठरते. प्रत्येक नव्या गटात मागील गटाचा हॅश लिहिलेला असल्यामुळे सर्व गट साखळीसारखे एकमेकांत अडकतात.

उदाहरणार्थ, एका मोटारीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला ६२,००० किलोमीटर आणि दुसऱ्या सर्व्हिसिंगला ७१,५०० किलोमीटर अशी नोंद झाली. नंतर कोणी ६२,००० च्या जागी ४२,००० असे लिहिले तर त्या नोंदीचा हॅश संपूर्णपणे बदलतो. तो पुढील गटात लिहिलेल्या हॅशशी जुळत नाही, आणि इतरांकडील प्रतींशीही जुळत नाही. म्हणजे फेरबदल करणे अशक्य होते असे नव्हे. तो लपवणे जवळजवळ अशक्य होते.

नवी नोंद स्वीकारण्यापूर्वी सहभागी घटकांची संमती लागते. बिटकॉइनसारख्या खुल्या जाळ्यात कोणीही सहभागी होऊ शकतो, त्यामुळे संमतीची प्रक्रिया अवघड गणनेवर आधारलेली व मंद असते. बिटकॉइनचे जाळे सेकंदाला सुमारे सात व्यवहारच हाताळू शकते. उद्योगसमूहांसाठी मात्र परवानगीवर आधारित जाळे अधिक सोयीचे ठरते. त्यात ठरावीक, ओळख पटलेल्या संस्थांनाच प्रवेश असतो. २०१७ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेली हायपरलेजर फॅब्रिक ही प्रणाली या प्रकारात मोडते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. मोटारीतून निघणारी सर्व माहिती ब्लॉकचेनवर ठेवली जात नाही, तशी ती ठेवणे परवडणारेही नाही. मूळ माहिती ज्याची त्याच्याच संगणकात राहते. सामायिक नोंदवहीत त्या माहितीचा हॅश, ती कोणी दिली, कोणी पाहिली आणि कोणत्या अटींवर, एवढेच लिहिले जाते. माहिती मागणाऱ्यास ती मिळाल्यावर तिचा हॅश काढून तो नोंदवहीतील हॅशशी ताडून पाहता येतो. अटींची पूर्तता झाल्यावर आपोआप अंमलात येणारे संगणकीय करारही या नोंदवहीस जोडता येतात.

६. उद्योगातील प्रमुख प्रयोग :

(अ) वाहनाची ओळख : मे २०१७ मध्ये टोयोटाच्या संशोधन संस्थेने एमआयटी मीडिया लॅब व अन्य भागीदारांसह या तंत्रज्ञानाचा अभ्यास सुरू केल्याचे जाहीर केले. मे २०१८ मध्ये 'मोबी' या नावाने ओळखला जाणारा संघ स्थापन झाला. बीएमडब्ल्यू, फोर्ड, जनरल मोटर्स व रेनो हे स्पर्धक त्यात एकत्र आले. या संघाने २०१९ मध्ये वाहनाच्या डिजिटल ओळखीचे पहिले मानक प्रसिद्ध केले. प्रत्येक मोटारीस सतरा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक पूर्वीपासूनच असतो. त्या क्रमांकाशी मोटारीचा पुढील जीवनवृत्तान्त विश्वासार्ह रीतीने जोडणे हा या मानकाचा हेतू होता.

(आ) देखभालीची नोंद : रेनो कंपनीने मायक्रोसॉफ्ट व व्हिसिओ यांच्या सहकार्याने जुलै २०१७ मध्ये मोटारीच्या डिजिटल देखभाल-पुस्तिकेचा नमुना सादर केला. गॅरेजमधील कागदी सर्व्हिस बुकाची जागा घेणारी, उत्पादक, दुरुस्ती केंद्र व विमा कंपनी या सर्वांना वाचता येणारी नोंद असे तिचे स्वरूप होते.

(इ) सुट्या भागांचा माग : रेनोने आयबीएमच्या साहाय्याने विकसित केलेली 'एक्सीड' ही प्रणाली २०२० मध्ये जाहीर झाली. मोटारीचा प्रत्येक घटक नियमांनुसार आहे याची प्रमाणपत्रे पुरवठादार व उत्पादक यांच्यात त्वरेने फिरावीत, हा तिचा उद्देश होता. फ्रान्समधील दुए येथील कारखान्यात घेतलेल्या चाचणीत दहा लाखांहून अधिक दस्तऐवज नोंदले गेले आणि सेकंदाला ५०० व्यवहारांचा वेग मिळाल्याचे कंपनीने सांगितले. परवानगीवर आधारित जाळे खुल्या जाळ्याहून किती वेगवान असू शकते, याची कल्पना या आकड्यावरून येते. बीएमडब्ल्यूनेही २०२० मध्ये 'पार्टचेन' या नावाने अशाच उपक्रमाची माहिती दिली.

(ई) बॅटरीचा दाखला : युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून विद्युत मोटारींच्या बॅटरीस डिजिटल दाखला असणे बंधनकारक ठरवण्यात आले आहे. व्होल्व्होने त्यापूर्वीच, जून २०२४ मध्ये, आपल्या ईएक्स-९० या मोटारीसाठी असा दाखला जाहीर केला. त्यासाठी सर्क्युलर या ब्रिटिश कंपनीच्या ब्लॉकचेन-आधारित प्रणालीचा उपयोग करण्यात आला. खाणीतील कच्च्या मालापासून मोटारीपर्यंतच्या प्रवासात अनेक देशांतील अनेक कंपन्या येतात. त्यांच्यावर एकच नियंत्रक नसल्याने सामायिक नोंदवहीचे महत्त्व येथे विशेष जाणवते.

(उ) माहितीचा मोबदला : टाटा मोटर्सने २००८ मध्ये विकत घेतलेल्या जॅग्वार लँड रोव्हर कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये आयर्लंडमधील शॅनन येथील केंद्रात एक वेगळा प्रयोग केल्याचे जाहीर केले. मोटारीने खड्डे व वाहतूक-कोंडी यांची माहिती दिल्यास वाहनधारकाच्या डिजिटल पाकिटात आयोटा या चलनाच्या स्वरूपात मोबदला जमा व्हावा, अशी ती योजना होती. आयोटाची त्या वेळची रचना रूढ अर्थाने गटांच्या साखळीची नव्हती, तरी सामायिक नोंदवहीचे तत्त्व तेच होते. वर उल्लेखिलेल्या प्रयोगांपैकी वाहनधारकास पैशाच्या रूपाने भागीदार मानणारा हा एक प्रयोग म्हणून त्याची दखल घ्यावी लागते.

७. मर्यादा :

(अ) नोंदीचे सत्य : ब्लॉकचेन नोंद जपते, नोंदीचे सत्य तपासत नाही. काटा मागे फिरवून झाल्यावर गाडी दुरुस्ती केंद्रात आणली आणि तो खोटा आकडा लिहिला गेला, तर तो खोटा आकडाच कायमचा सुरक्षित राहील. म्हणून मोटारीतील संवेदक, नोंद करणारा मनुष्य आणि दोघांवर देखरेख करणारी यंत्रणा यांची विश्वासार्हता हा पहिला प्रश्न ठरतो.

या संदर्भात बेल्जियमचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे २००४ च्या कायद्यानुसार २००६ च्या अखेरीस 'कार-पास' ही व्यवस्था सुरू झाली. दुरुस्ती केंद्रांनी मोटारीवर काम करताना काट्यावरील आकडा कळवणे बंधनकारक आहे, आणि जुनी मोटार विकताना विक्रेत्याने ग्राहकास कार-पास देणे बंधनकारक आहे. पुढे संलग्न मोटारींच्या उत्पादकांवरही आकडे कळवण्याचे बंधन आले. यामुळे देशांतर्गत व्यवहारांतील फसवणूक अत्यल्प प्रमाणावर आली. हे सर्व एका साध्या मध्यवर्ती संगणकीय नोंदीने साधले, ब्लॉकचेनने नव्हे. कायद्याने सक्ती केली, नफा न कमावणारी संस्था नेमली आणि लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. तथापि परदेशातून आलेल्या मोटारीचा पूर्वेतिहास अशा राष्ट्रीय व्यवस्थेस सहजी मिळत नाही. सर्वांना मान्य असे केंद्र जेथे नाही, तेथेच ब्लॉकचेनचा युक्तिवाद बळकट होतो. युरोपीय संसदेच्या २०१८ च्या ठरावानेही या तंत्रज्ञानाची चाचपणी करण्याचे सुचवले होते.

(आ) खोडण्याचा हक्क : मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय माहिती संरक्षण नियमावलीने व्यक्तीला आपली वैयक्तिक माहिती काढून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क दिला आहे. न खोडता येणारी नोंदवही आणि खोडण्याचा हक्क यांत उघड विसंगती आहे. यावर वैयक्तिक माहिती साखळीबाहेर ठेवावी आणि मूळ माहिती नष्ट करता यावी, असा उपाय सुचवला जातो. परंतु मोटारीच्या ओळख क्रमांकाशी जोडलेला हॅशही काही परिस्थितीत व्यक्तीपर्यंत पोहोचवू शकतो, हे विसरता येत नाही.

(इ) कारभाराचा प्रश्न : नोंदवही विकेंद्रित असली तरी तिचे नियम कोणीतरी ठरवतेच. सभासद कोण होणार, खर्च कोण करणार, चुकीची नोंद दुरुस्त कशी होणार, हे संगणक ठरवत नाही. सागरी मालवाहतुकीतील 'ट्रेडलेन्स' हे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. मर्स्क ही जहाज कंपनी व आयबीएम यांनी २०१८ मध्ये उभारलेला हा ब्लॉकचेन-आधारित मंच बंद करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. संपूर्ण उद्योगाचे अपेक्षित सहकार्य न मिळाल्याने तो व्यवहार्य ठरला नाही, असे कारण देण्यात आले. त्या उद्योगातील एका बड्या स्पर्धकाच्या पुढाकाराने उभा राहिलेला मंच इतरांना आपलासा करणे किती कठीण असते, हे यातून दिसते.

मोटार उद्योगाने यापासून वेगळा मार्गही शोधला. जर्मनीत २०२१ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅटेना-एक्स' या संघात बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, बॉश, सीमेन्स अशा कंपन्या आहेत. तेथे माहिती तिच्या मालकाकडेच राहते आणि ठरलेल्या वापर-अटींवर दोन कंपन्या थेट परस्परांशी देवाणघेवाण करतात. या रचनेचा गाभा ब्लॉकचेन नसून समान मानके व परस्परमान्य नियमावली हा आहे.

८. वाहनधारकाचे स्थान :

आतापर्यंतच्या चर्चेत कंपनी आणि कंपनी यांच्यातील विश्वासाचा विचार झाला. परंतु ज्याच्या प्रवासातून ही माहिती जन्माला येते त्या वाहनधारकाचे काय, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. मोझिला प्रतिष्ठानने सप्टेंबर २०२३ मध्ये २५ मोटार नाममुद्रांच्या गोपनीयता धोरणांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्या निकषांवर एकही नाममुद्रा उत्तीर्ण झाली नाही.

जनरल मोटर्सचे प्रकरण याहून बोलके आहे. ग्राहकांच्या वाहन चालवण्याच्या सवयींची माहिती विमा उद्योगास माहिती पुरवणाऱ्या संस्थांकडे जात असल्याचे वृत्त मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई जाहीर केली. काही मोटारींचे नेमके ठिकाण दर तीन सेकंदांनी नोंदले जात होते आणि ग्राहकांची समजून-उमजून दिलेली संमती घेतलेली नव्हती, असा आयोगाचा आरोप होता. अशी माहिती ग्राहक-अहवाल देणाऱ्या संस्थांना देण्यास पाच वर्षांची मनाई करण्याचे तडजोडीत ठरले.

या प्रकरणाकडे ब्लॉकचेनच्या दृष्टीने पाहिल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. येथे माहितीत कोणी फेरबदल केला, अशी तक्रार नव्हती. माहिती खरी होती, ती देणाऱ्या व घेणाऱ्या कंपन्यांत करार होता. नव्हती ती फक्त वाहनधारकाची जाणीवपूर्वक संमती. हाच व्यवहार ब्लॉकचेनवर झाला असता तर तो अधिक अचूक, अधिक वेगवान आणि कायमचा नोंदलेला झाला असता. न्याय्य झाला नसता. उलट, वाहनधारकाची संमती व ती मागे घेण्याची नोंद त्याच साखळीत अनिवार्य केली आणि त्याला स्वतःला ती वाचता आली, तर हेच तंत्रज्ञान त्याच्या संरक्षणाचे साधन होऊ शकते. तंत्रज्ञान तेच राहते, रचनेचा हेतू बदलतो.

युरोपीय संघाचा माहिती कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. संलग्न वस्तूच्या वापरातून निर्माण झालेली माहिती मिळण्याचा आणि ती आपल्या पसंतीच्या तिसऱ्या पक्षास देववण्याचा हक्क तो वापरकर्त्यास देतो. म्हणजे उत्पादकाच्या अधिकृत केंद्राऐवजी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करणाऱ्यासही आवश्यक माहिती मिळण्याचा मार्ग खुला होतो.

९. भारतीय संदर्भ :

भारतात वाहननोंदणीची 'वाहन' ही राष्ट्रीय संगणकीय प्रणाली कार्यरत आहे. सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण-दर्शक उपकरण बसवण्याविषयीचे एआयएस-१४० हे मानकही लागू आहे. परंतु प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचा काट्यावरील आकडा एकत्र करून तो खरेदीदारास देणारी बेल्जियमसारखी कायदेशीर व्यवस्था आपल्याकडे नाही. जुनी मोटार घेणारा ग्राहक अजूनही ओळखीच्या मेकॅनिकच्या अनुभवावर विसंबतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. या अधिनियमात संमती घेणे, ती मागे घेता येणे आणि माहिती दुरुस्त करणे व पुसणे यांविषयी तरतुदी आहेत. त्यामुळे संलग्न मोटारींच्या माहितीसाठी ब्लॉकचेन वापरू पाहणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही खोडण्याच्या हक्काचा प्रश्न टाळता येणार नाही. पुणे, चाकण, नाशिक व छत्रपती संभाजीनगर या परिसरात मोटार-उत्पादक आणि सुट्या भागांचे असंख्य लहान पुरवठादार आहेत. युरोपास निर्यात करणाऱ्या पुरवठादारांना तेथील नियमांनुसार डिजिटल नोंदी द्याव्या लागतील. मोठ्या उत्पादकाने निवडलेल्या प्रणालीचा खर्च लहान कारखानदाराच्या माथी येणार काय, याचाही विचार व्हावयास हवा.

१०. निष्कर्ष :

(१) संलग्न मोटार उद्योगात माहिती मुबलक आहे. देवाणघेवाण अडते ती स्पर्धा, उत्तरदायित्व व मोबदला यांविषयीच्या अविश्वासामुळे.
(२) नोंदीत मागाहून केलेला फेरबदल उघड करणे हे ब्लॉकचेनचे खरे सामर्थ्य आहे. अनेक देशांतील, समान नियंत्रक नसलेल्या कंपन्यांच्या साखळीत ते विशेष उपयोगी ठरते. बॅटरीचा डिजिटल दाखला हे त्याचे समर्पक उदाहरण होय.
(३) जेथे कायद्याने नेमलेली विश्वासार्ह संस्था आहे, तेथे साधी मध्यवर्ती नोंदही पुरेशी ठरते, हे कार-पासच्या अनुभवावरून सिद्ध होते.
(४) नोंद करतानाचा खोटेपणा, खोडण्याचा हक्क आणि मंचाचा कारभार हे प्रश्न ब्लॉकचेनमुळे सुटत नाहीत.
(५) कंपन्यांमधील परस्परविश्वास वाढला म्हणजे वाहनधारकाचा विश्वास आपोआप वाढतो असे नाही. त्याची संमती, त्याचा पाहण्याचा व नाकारण्याचा हक्क यांना व्यवस्थेच्या रचनेतच स्थान असले पाहिजे.

समारोप :

कोणत्याही कंपनीने वा शासनाने या क्षेत्रात ब्लॉकचेनचा अवलंब करण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे श्रेयस्कर ठरेल. सर्वांना मान्य असे केंद्र खरोखरच उपलब्ध नाही काय? नोंद मुळात खरी असल्याची खात्री कोण देणार? चूक झाल्यास ती कोण व कशी सुधारणार? आणि ज्याच्या गाडीची ही माहिती आहे, त्याला विचारले आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न उद्योग आपल्या गरजेपोटी करीलच. चौथ्या प्रश्नासाठी मात्र कायद्याचा आग्रह आणि ग्राहकाची जागरूकता या दोहोंची आवश्यकता आहे.